चुडाव्याहून सेलूला, बैलांवाचून

सेलूला जायचं असेल तर आमच्या छावणीपासून वाट सोपी आहे. औरंगाबादेस गाडीत बसावं, जालना मागे टाकावं आणि सेलू आलं की उतरावं. आमची तुकडी मात्र उतरली नाही. गाडी सेलूला थांबली, आम्ही खिडकीतून जिनिंगचं धुराडं पाहिलं, फलाटावरची भजी घेतली आणि पुढे निघालो. परभणी गेलं, पूर्णा गेलं आणि चुडाव्याला आम्ही चाळीस माणसं सामानासकट खाली उतरलो. कशासाठी, तर तिथून सेलूला चालत जायचं होतं.

"ज्या गावाला जायाचं ते तर मागंच ऱ्हायलं की," हवालदार इमामभाई म्हणाले. अठ्ठावीस वर्षं नोकरी झालेला माणूस, त्यामुळे हे त्यांनी अगदी हळू म्हटलं.

मी शिपाई नव्हे. निजाम सरकारच्या पलटणीत मी मलमपट्टी करणारा होतो. शिपाई मला डाक्टर म्हणत आणि खरे डॉक्टर मला 'ए' म्हणत. माझं गाव वेरूळच्या वरच्या अंगाला, डोंगरात. या मार्चहून परत आल्यापासून गावातले लोक विचारतात, लढाई कशी असते? लढाई मी पाहिली नाही. चिखल पाहिला, आणि त्याबद्दल सांगण्यासारखं पुष्कळ आहे.

आधी हे ऐन पावसाळ्यात का, ते सांगतो. दर फसली सालात सरावाचा एक मार्च झालाच पाहिजे असा नियम होता. उन्हाळ्यात फार ऊन म्हणून तो पुढे ढकलला. हिवाळ्यात वरचे लोक शिकारीला जातात, तेव्हा तर विचारूच नका. साल संपत आलं तेव्हा कुणाला तरी आठवण झाली, आणि भर श्रावणात हुकूम सुटला.

चुडाव्याच्या फलाटावर आमच्या तरुण कप्तानसाहेबांनी तो वाचून दाखवला. सेलूला मोठे साहेब आणि डॉक्टर गाडीने येणार, माणसं पाहणार. जो स्वतःच्या पायांनी रांगेत पोहोचणार नाही, किंवा ज्याचे पाय डॉक्टरांना खराब दिसतील, त्याचं नाव पलटणीतून कमी. आणि वाटेत कुणाचे पाय बिघडले ते रोज वहीत लिहायचं काम माझ्याकडे.

हुकूम ऐकताना सगळे समोर पाहत होते. इमामभाई तेवढे खाली, आपल्या बुटांकडे पाहत होते. आदल्या आठवड्यात नवे बूट आले होते, सगळे एकाच मापाचे, आणि तेही मोठे. ज्यांचे पाय मोठे त्यांचं भागलं. इमामभाईंचा पाय बाईमाणसासारखा लहान. त्यांनी दोन्ही बुटांत जुनं धोतर कोंबलं होतं.

पूर्णेकडे

आमच्या डोंगरात पाऊस पडला की पाणी दगडावरून निघून जातं आणि तासाभरात वाट कोरडी. इकडची काळी माती पाणी सोडत नाही आणि माणसालाही सोडत नाही. ती आधी बुटाला चिकटते, मग त्या मातीला आणखी माती चिकटते. शंभर पावलांत माणूस वीतभर उंच होतो. माझ्यापुढचा ठेंगणा शिपाई बघता बघता माझ्याएवढा झाला, मग एका बुटाची ढेप गळून पडली आणि तो एका बाजूला कलता चालायला लागला. दर थोड्या वेळाने कप्तानसाहेब घोड्यावरून "ठहरो!" ओरडायचे आणि चाळीस माणसं एका पायावर उभी राहून संगिनींनी बूट खरवडायची. संगीन लढाईतही वापरतात असं ऐकून आहे.

रेल्वेचा रूळ वाटेच्या अंगानेच जातो. दिवसातून कितीदा तरी गाडी आमच्या शेजारून निघून जायची आणि डब्यातली माणसं सुपारी कातरत आमच्याकडे पाहायची.

एका रानात मूग तोडणारी म्हातारी भेटली. कंबर सरळ करून तिने आम्हाला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"कुठं जायलाव रं बाबांनो?"

"सेलूला."

"अन् आगगाडी बंद पडली का?"

तेवढ्यात शिट्टी वाजवत गाडी गेली. म्हातारी गाडीकडे बघून परत आमच्याकडे वळली.

"मंग तुमाला बसू देत न्हाईत का?"

"बसू देतात आजी. सेलूवरूनच आलोय गाडीने."

"सेलूवरून आलाव, अन् सेलूलाच चाल्लाव?" तिने जरा विचार केला. "कुणाचा तरी नवस आसंल. कुणाचा हाय?"

"सरकारचा," इमामभाई म्हणाले.

"मंग पाव देवा," म्हणत तिने ओंजळभर मुगाच्या शेंगा त्यांच्या टोपीत ओतल्या. नवस फेडणाऱ्याला रिकाम्या हाती जाऊ देऊ नये, ही रीत आमच्याकडेही आहे. पण टोपी भिजलेली होती आणि तिच्यातून गळणारं पाणी दिवसभर शेंगांच्या वासाचं होतं.

मुक्कामाची कथा अशी. तंबूची मेख ठोकली की ती लोण्यात सुरी जावी तशी आत जायची आणि तंबू बसायचा. उठवला की दुसऱ्या बाजूने बसायचा. शेवटी आम्ही तंबू अंगावर घेऊन झोपायला लागलो. डाळ उघड्यावर शिजायची, आणि जेवढी आटायची तेवढा पाऊस तिच्यात पडायचा. आचाऱ्याने सांगितलं की अशी डाळ एकदा चढवली तर महिनाभर पुरेल. रोटात सोंडकिडे होते. पहिल्या दिवशी आम्ही ते वेचून टाकले, तिसऱ्या दिवशी नाही.

परभणी

परभणीच्या बाहेर एका शाळेच्या पडवीत आम्हाला कोरडी जागा मिळाली. मी एकेकाचे पाय पाहत होतो. फोड सगळ्यांनाच होते, ते मी लिहीत नव्हतो. इमामभाई पुढे येईनात.

"हवालदारसाहेब, बूट काढा."

"ठीक हाय माझं."

"काढा हो."

त्यांनी काढले. बुटातलं धोतर रक्ताने चिकटलं होतं, ते भिजवून सोडवावं लागलं. टाचेची कातडी गेली होती, दोन नखं काळी पडली होती. मी या कामात नऊ वर्षं आहे, तरी मला खाली पाहवेना. मी वही उघडली.

"डाक्टर, लिवू नका."

"हे लिहायचंच आहे. तुम्हाला बैलगाडीत बसवायला हवं."

"गाडीत बसलो की संपलं. घरी धाडतील." ते माझ्याकडे न पाहता बोलत होते. "घरी जाऊन काय करू? अठरा वर्साचा निघालो. भाऊ वावर करतेत, पोरं हाताशी आलेत त्यांची. मला नांगर बी धरता येत न्हाई. मी धरला तर बैल हसतील."

हसू आलं आम्हा दोघांनाही. मग त्यांचे डोळे भरले, आणि ते पाहून मला फार वाईट वाटलं. मी वही मिटली. डॉक्टरांनी सेलूला ते पाय पाहिले असते तर त्यांच्याबरोबर माझंही नाव कमी झालं असतं, हे मला समजत होतं. पण सेलू अजून लांब होतं.

झरी

आमच्या सामानाला दोन बैलगाड्या लागत. तंबू, पीठ, मोठी देग, कप्तानसाहेबांचं टेबल आणि एक लोखंडी पेटी. पेटी उचलायला चार माणसं लागायची. तिच्यात मार्चचे नकाशे आणि नियम होते, आणि किल्ली औरंगाबादला राहिली होती. रिवाज असा होता की एका गावच्या गाड्यांनी पुढच्या गावापर्यंत सामान न्यायचं आणि परतायचं, तिथून त्या गावच्या गाड्या. वेठच ती, पण गावंही निमूट करत. परभणीच्या गाडीवानांनी झरीच्या चावडीसमोर सामान उतरवलं आणि चहालाही न थांबता गाड्या उधळत परत गेले. त्यांना एवढी घाई का, ते मला कळलं नाही. चार दिवस चिखलात काढल्यावर तिथी कोण लक्षात ठेवतो?

कळलं ते पाटलांकडून.

"सरकार, उद्या गाड्या मिळणार न्हाईत," पाटील हात जोडून म्हणाले. "उद्या पोळा हाय."

"तो क्या?" कप्तानसाहेब म्हणाले.

"उद्या बैलाच्या खांद्यावर जू ठेवता येत न्हाई. परवा कर, पोळ्याचा दुसरा दिस, तवा बी न्हाई. तेरवा सूर्य उगवायला दहा गाड्या देतो."

"परवा दुपारी मोठे साहेब सेलूला येत आहेत!" कप्तानसाहेब उर्दूत ओरडले. "बैलों की भी छुट्टी होती है क्या?"

"व्हय सरकार. वर्सातून येकच."

कप्तानसाहेबांचा आवाज बराच वेळ चढा होता. पाटील प्रत्येक वाक्याला मान डोलवत होते आणि तसूभर हलत नव्हते. तुरुंगात घालतो म्हटल्यावर ते म्हणाले, "घाला सरकार. पोळा झाल्यावर येतो." शेवटी कप्तानसाहेब आमच्याकडे वळले. चाळीस माणसं उभी होती. त्यांनी गावच्या उभ्या गाड्यांकडे पाहिलं, मग आमच्याकडे, आणि त्यांच्या मनात काय आलं ते आमच्याही ध्यानात आलं. बैल मिळणार नव्हते. रिकाम्या गाड्या द्यायला पाटलांची हरकत नव्हती.

चावडीशेजारीच तुळशीराम नावाच्या शेतकऱ्याचं घर होतं. साठीचा माणूस, अंगाने वाळकुंडा. त्याची बायको गयाबाई अंगणात चूल मांडून पाणी तापवत होती आणि तुळशीराम बैलांचे खांदे मळत होता. पोळ्याच्या आदल्या दिवशी, वर्षभर जू ओढलेला खांदा गरम पाण्याने शेकायचा, तूप-हळद लावून चोळायचा. हे आमच्याकडेही करतात. पण मग गयाबाईंनी बैलांना ओवाळलं आणि पाहुण्यांना सांगावं तसं म्हणाल्या, "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या." बैलाला तोंडाने बोलवायचं हे मी पहिल्यांदा ऐकलं. आमच्या डोंगरात बैलाला न बोलावताच वाढतात.

पाटलांकडून परतलेल्या माणसांनी त्यांना आमची हकिकत सांगितली. गयाबाई तबक घेऊन तशाच चावडीवर आल्या.

"म्हंजी उद्या हितून जू हे वडणार?"

"होय," मी म्हणालो.

"अन् खांदे?"

"खांद्यांचं काय?"

"मळल्याबिगर?" त्या नवऱ्याकडे वळल्या. "अवो, आणा की ते पातेलं हिकडं. जू वडणाराचा खांदा मळायचा, आपल्या घरची रीत हाय. त्यात बैल कोन अन् मानूस कोन, ते देव बगंल."

कुणी नाही म्हणायच्या आत तुळशीराम पातेलं घेऊन आला. सदरे उतरवून चाळीस शिपाई चावडीच्या ओट्यावर ओळीने बसले, आणि तो गरम पाण्याने शेकून, तूप-हळद चोळून एकेकाचा खांदा मळत गेला. गावातले आणखी चौघे मदतीला आले. चार दिवसांत आमच्या अंगाला लागलेली ती पहिली गरम वस्तू होती. एक दांडगा शिपाई तर डोळे मिटून घुमायलाच लागला. शेवटी गयाबाई कप्तानसाहेबांच्या खुर्चीपुढे जाऊन उभ्या राहिल्या.

"मैं तो घोडे पर हूँ," ते म्हणाले.

"बैस, बाबा," गयाबाई म्हणाल्या. ते बसलेलेच होते. त्यांनी मुकाट्याने कॉलर उघडली.

मग गयाबाईंनी सगळी रांग ओवाळली. "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या."

"घेतलं, माय," इमामभाई म्हणाले. "आमच्या घरी बी पोळा व्हतो. मी लय वर्सांत बगितला न्हाई."

तुळशीरामाचं लक्ष त्यांच्या पायांकडे होतं. बैल बघण्यात जन्म गेलेला माणूस, त्याला लंगडणं चटकन दिसतं. त्याने त्यांना बसवलं, बूट काढले, पाय शेकले, करंजाचं तेल आणि हळद लावून मऊ फडकी गुंडाळली.

"खुराला असं लागलं तर आमी बैलाला चालवत न्हाई."

"मला चालावंच लागंल, पाव्हनं."

"मंग बूट घालू नका. हा बूट तुमचा न्हाई."

"सरकारचा हाय."

"मंग सरकारला घाला म्हना," तुळशीराम म्हणाला.

पोळा

सकाळी गाव नुसतं वाजत होतं. वेशीत बैल उभे होते, शिंगं रंगवलेली, पाठीवर झुली, गळ्यात घुंगरमाळा. त्यांच्यासमोरून आम्ही गाड्या ओढत निघालो. एका गाडीला वीस माणसं, दोघांच्या खांद्यावर जू, बाकीचे दोर धरून. बैलांनी माना वळवून आमच्याकडे पाहिलं. तुळशीराम शेजारून चालत आम्हाला शिकवत होता. "जुवाखाली मान नगा घालू, खांदा द्या! डाव्या अंगाचा ढिला पडलाय, हाणा त्याला!" मग जीभ चावून म्हणाला, "हाणा म्हंजी सांगा."

गयाबाई मात्र रागावलेल्या होत्या. पोळा फुटतो संध्याकाळी, नैवेद्य त्यानंतर. तोवर थांबायला आम्हाला सवड नव्हती.

"आवतन घेतलं अन् उपाशी चाल्लाव," त्या इमामभाईंना म्हणाल्या. "आमच्या दारातून आवतनाचा बैल कदी उपाशी गेला न्हाई."

"हुकूम हाय, माय."

"हुकूम जेवत न्हाई व्हय?"

इमामभाई टोपी सावरत गाडीकडे वळले.

पहिल्याच शेताच्या बांधावर दोन शिपायांचे बूट चिखलात रुतले. माणसं वर आली, बूट आलेच नाहीत. संगिनींनी खणलं तेव्हा एकच सापडला, आणि तो दोघांपैकी कुणाचाही असू शकत होता. सरकारी माल हरवला तर जाब कप्तानसाहेबांना. त्यांनी ताबडतोब हुकूम दिला, बूट काढून सगळे गाडीत टाका. म्हणजे बूट गाडीत बसून सेलूला गेले आणि आम्ही ते ओढत नेले. पण अनवाणी चालणं कितीतरी सोपं पडलं, आणि चाळीस अनवाण्यांत इमामभाईंच्या पायांची फडकी कुणाच्या डोळ्यांत आली नाही. मी त्यांना दोर धरायचं नाटक करायला सांगितलं होतं. त्यांनी जू धरलं. संध्याकाळी एका ओढ्यात गाडी अडकली तेव्हा कप्तानसाहेब घोड्यावरून उतरून मागून रेटू लागले, आणि त्यांच्या तोंडून अस्सल झरीचं "हाऽऽ हाऽऽ" निघालं.

पाऊस, घाम आणि हळद. दुसऱ्या दिवशी सेलूचं धुराडं दिसलं तेव्हा हळद खांद्यावरून छातीवर, हातांवर, घाम पुसता पुसता कपाळावर आणि गालांवर उतरली होती. खाकी सदरे गळ्याशी पिवळे झाले होते. आम्हाला त्याचं काही वाटलं नाही, कारण सगळेच तसे दिसत होते.

सेलू

स्टेशनच्या मागे, रुळाच्या कडेला चिखलात आम्ही घोट्यापर्यंत बुडून रांगेत उभे राहिलो. इमामभाई पहिल्या ओळीत, त्यांची जागाच ती. त्यांची फडकी मी वाटेत सोडून घेतली होती. कोणी चिखलातून पाय उचलायला सांगितला की सगळं संपणार होतं.

गाडी आली. मोठे साहेब खाली उतरणार होते, पण त्यांनी दारातून चिखल पाहिला आणि खिडकीतूनच पाहणी करायचं ठरवलं. शेजारच्या खिडकीत डॉक्टर.

"चाळीस?" साहेबांनी विचारलं.

"चाळीस, हुजूर. सगळे पायी," कप्तानसाहेब म्हणाले.

"हे पिवळे का आहेत?"

बैल मिळाले नाहीत म्हणून पलटणीला जुंपलं आणि आदल्या दिवशी तिचे खांदे मळले, हे कोणत्या भाषेत सांगायचं? डॉक्टरांनी चष्मा पुसला, खिडकीबाहेर जेमतेम डोकावले आणि झटकन आत गेले.

"कावीळ!" आतून आवाज आला. "अख्ख्या तुकडीला! ए, तू! केव्हापासून पिवळे आहेत?"

"परवा संध्याकाळपासून, साहेब," मी म्हणालो. यात काही खोटं नव्हतं.

"सगळे एकदम?"

"ओळीने, साहेब."

"थकवा?"

"फार."

"आणि पाय?"

"पाय चिखलात आहेत, साहेब. वर काढायला सांगू? हात लावून पाहाल का?"

"नको, नको!" खिडकी खाली आली. काचेआडून त्यांनी सांगितलं ते असं: कुणी कुणाला शिवायचं नाही, शेवटच्या मालडब्यातून सगळ्यांना छावणीत न्यायचं, महिनाभर बिछान्यात ठेवायचं. तूप, तेल, गोड पूर्ण बंद. मोठ्या साहेबांनी चाळीस माणसं पायी पोहोचली असा शेरा मारला. मग त्यांची नजर कप्तानसाहेबांच्या पिवळ्या मानेवर गेली आणि तीही खिडकी बंद झाली.

मालडब्यात चढता चढता इमामभाईंनी माझा हात इतका जोरात धरला की दुखला.

गाडी सुटायला थोडाच वेळ होता आणि फलाटाच्या टोकाकडून डोक्यावर टोपली घेतलेला एक वाळकुंडा माणूस लांब ढांगा टाकत येताना दिसला. तुळशीराम. आम्हाला जी वाट दीड दिवस पुरली ती तो तांबडं फुटायच्या आत निघून, अनवाणी, दुपारपर्यंत चालून आला होता. गाडीला बैल जुंपायचे नव्हतेच.

"तिनं रातभर डोळा लागू दिला न्हाई," टोपली डब्यात सरकवत तो म्हणाला. "म्हनली, आवतनाचे उपाशी गेले. बैलांआदी काढून ठिवलं व्हतं."

फडक्याखाली पुरणपोळ्या होत्या, तुपाने निथळणाऱ्या. चाळीस काविळीचे रोगी त्यांवर तुटून पडले. कप्तानसाहेबही आमच्याच डब्यात होते, पिवळे असल्यामुळे. त्यांनी दोन खाल्ल्या.

"तुमी बसा की गाडीत," इमामभाई तुळशीरामाला म्हणाले. "परभनीपातुर जा दुसऱ्या गाडीनं. तिकीट मी काढतो."

"कामून?" तुळशीराम खरोखर गोंधळला. "मी चाल्लोच हाय की." आणि रिकामी टोपली घेऊन तो परत वळला.

महिनाभर आम्ही बिछान्यात पडून होतो. इमामभाईंच्या टाचेला नवी कातडी आली, नखंही हळूहळू आली. पुढच्या पाहणीत डॉक्टरांनी त्यांचे पाय हातात घेऊन पाहिले आणि उत्तम म्हणून लिहिलं. ते नोकरीत राहिले.

पुढच्या श्रावणात ते रजेचा अर्ज लिहून घ्यायला माझ्याकडे आले. दोन दिवस, झरी. कारण काय लिहू विचारलं तर म्हणाले, "खरं हाय ते लिवा." मी लिहिलं, 'खांदेमळणी.' कप्तानसाहेबांनी अर्ज वाचला, नकळत हात मानेवर नेला, आणि दोनच्या जागी चार करून सही केली.

"उस माँ को बोलना," ते म्हणाले, "हम भी आवतन लिए थे. घोडे पर थे तो क्या हुआ."